अनवाणी पायाची लेस

केंद्र सरकारच्या एका खात्यात जुन्या फायली सव्वीस वर्षं सांभाळून अलकनंदा टिळेकर निवृत्त झाल्या, तेव्हा दिल्लीतल्या द्वारका भागातल्या त्यांच्या सोसायटीला वाटलं, आता बाई निवांत बसतील. पण छापलेला शब्द खरा की खोटा हे पाहिल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. शेवटी एका प्रकाशकाने त्यांना तेच काम दिलं: छपाईआधी पुस्तकातले तपशील तपासायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे धीरज पाटसकर या व्यावसायिक फुटबॉलपटूचं चरित्र आलं. लेखक पुष्कर, तरुण आणि उत्साही. एकतिसाव्या पानावर त्याने लिहिलं होतं, की गाझियाबादमध्ये वाढलेला धीरज सोळाव्या वर्षापर्यंत अनवाणी खेळला. चाळिसाव्या पानावर मात्र तेराव्या वर्षी, ऐन पेनल्टीच्या वेळी, त्याच्या बुटाची लेस सुटली होती.

बाईंनी पुष्करला फोन लावला. "अनवाणी पायाला लेस कुठून आली रे?"

"मॅडम, वाचकांना गरिबी आवडते. आणि धीरजने वाचलंय, काही बोलला नाही तो."

"त्याच्या आईला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. मग बाईंनीच मेट्रो पकडली आणि गाझियाबाद गाठलं.

धीरजच्या आईने, विजयाताईंनी, ते पान वाचलं आणि चष्माच काढून ठेवला. "अनवाणी? अहो, ह्यांनी ऑफिस सुटल्यावर करोल बागेत चार दुकानं पालथी घातली होती! पोरगं वाढेल म्हणून एक नंबर मोठेच बूट घेतले. पुढे मी कापूस कोंबून द्यायचे. हे जाऊन सहा वर्षं झाली, आणि आता त्यांनी आणलेले बूटही काढून घेता होय?"

"माझा विश्वास आहे, ताई. पण मला पुरावा लागतो."

विजयाताई उठल्या आणि कपाटातून अल्बम घेऊन आल्या. शाळेच्या संघाच्या फोटोत बारकासा धीरज पहिल्या रांगेत, पायात बोटभर मोठे बूट. मागे वडिलांच्या अक्षरात तारीख. धीरज तेव्हा तेरा वर्षांचा.

"फोटोच्या दिवशीच्या मॅचमध्ये पाच गोल केले त्याने," विजयाताई म्हणाल्या.

अल्बममध्येच शाळेचा त्या वर्षीचा वार्षिक अंक होता. बाईंनी पान उघडलं. "इथे दोन लिहिलेत."

"अहो, मी स्वतः मोजले होते!"

"शाळेनेही मोजले असतील ना?"

दोघींना हसू फुटलं. चहा पुन्हा टाकला गेला.

तिथूनच बाईंनी धीरजला फोन केला. "सॉरी मॅम," तो ओशाळून म्हणाला. "मला वाटलं, पुस्तकात असंच लिहायची पद्धत असते. बाबा दर रविवारी त्या बुटांना पॉलिश करायचे, बिल्कुल आरसा! हे लिहिता येईल?"

"दुसरं कोणी साक्षीला आहे?"

"मी आहे ना!" विजयाताई मागून ओरडल्या. "फरशीवरचे काळे डाग मीच पुसायचे!"

पुष्करने आधी कुरकुर केली, पण प्रकरण नव्याने लिहून फोनवर वाचून दाखवताना पॉलिशचा परिच्छेद त्याने आपणहून दोनदा वाचला. मार्चमध्ये पुस्तक आलं. चौथ्या दिवशी विजयाताईंचा फोन.

"साताऱ्याहून नणंदेने विचारलंय, बूट कुठल्या दुकानातून घेतले होते? मला मेलीला आठवतच नाही."

"म्हणूनच ते नाव छापलं नाही, ताई," अलकनंदाबाई खुशीत म्हणाल्या.