शिक्षा संपायच्या आधी आलेला नवरा

नवऱ्याला लवकर सोडणार आहेत, हे सांगायला पोलीस दारात आला तेव्हा माझा तवा तापला होता. मग डोकंही तापलं.

गुलबर्ग्यात आमची एकच खोली. त्यात मी, माझ्या पोरी, सासूबाई आणि खानावळींना द्यायच्या कडक भाकऱ्यांच्या चळती. नवरा याच खोलीतून चोरून दारू विकायचा. मी काही बोलले की म्हणायचा, घर माझं आहे, पटत नसेल तर अफजलपूरला माहेरी जा. त्याला शिक्षा झाली आणि मी भाकऱ्यांचा धंदा मांडला. सासूबाई पीठ मळायच्या, मी थापायची. रडायला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तितकं रडूही येत नव्हतं.

"अक्का, जेलात पाय ठेवायला जागा न्हाई," पोलीस म्हणाला. "मारामारी, खून केला न्हाई, वागणूक चांगली हाय, अशांना आधी सोडायलेत. घरचे ठेवून घेतेत का, तेवढं इचारायला आलाव."

"तिथं जागा न्हाई म्हणून माझ्याकडं लावून द्यायलाव व्हय? माझी खोली काय राजवाडा हाय?"

तो हसला. मी हसले नाही. मग त्यानं सासूबाईंकडं पाहिलं. आईच ती, हो म्हणणारच, असं त्याला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी भांडायच्या तयारीत होते.

सासूबाई पिठातले हात न काढता म्हणाल्या, "मला नगा इचारू. घर तिचं हाय. ती म्हणल तसं."

एवढं बोलून त्या मळलेलंच पीठ पुन्हा मळत राहिल्या. त्यांनी गयावया केली असती तर मी नाही म्हणून मोकळी झाले असते. आता मला त्यांचाही राग आला.

"येऊ द्या," मी पोलिसाला म्हणाले. "पण दारूचा थेंब जरी घरात आला, तर मीच तुमच्याकडं आणून सोडते."

नवरा आला तेव्हा आम्ही कामातच होतो. फार वाळला होता. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून मी स्वतःवरच चिडले. खाली मान घालून तो बाहेरच थांबला आणि मला म्हणाला, "आत येऊ का?"

मी सासूबाईंकडं वळून पाहिलं. लेक दारात उभा होता आणि त्या जागच्या हलल्या नव्हत्या. डोळे भरून आले होते, पण त्या त्याच्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"मला काय इचारायलाव?" मी ओरडलेच. "मायला भेटा आधी!"