अप्पांना वाचून दाखवायची राहिलेली चाळीस पानं

उमरग्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो, तेव्हा महानंदाचा फोन आला. "सर, मामा गेले... सकाळीच." मामा म्हणजे तिचे सासरे, आमचे गुरुनाथअप्पा. माझ्या पिशवीत अप्पांच्याच थोरल्या भावाची कादंबरी होती. चाळीस पानं वाचून दाखवायची राहिली होती, त्यासाठीच मी निघालो होतो. गाडीत बसलो खरा, पण वाटभर पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

अप्पांचे हे भाऊ महाराष्ट्रभर नावाजलेले लेखक. त्यांच्यामागे गावातलं घर स्मारक म्हणून जपलं गेलं. मी त्या स्मारक समितीचा चिटणीस. निवृत्त हेडमास्तराला दुसरं काम काय! अप्पा मागच्या दोन खोल्यांत राहायचे आणि आलेल्यांना घर दाखवायचे. पुढच्या खोलीत मी हौसेनं सागवानी टेबल आणून ठेवलं होतं आणि वर पाटी लावली होती, 'लेखकाचे लेखनाचे टेबल'. ती खोली अप्पा चटकन उरकायचे. अंगठेबहाद्दर माणूस, त्यांना काय सांगता येणार, असं मला वाटायचं.

एकदा पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन गेलो, तर घराला कुलूप. ती येळवस होती. त्या दिवशी सगळं गाव जेवायला शेतात असतं, हे मी मूळचा नाशिककडचा माणूस इथं वीस वर्षं काढूनही विसरलो. फोनवर तावातावानं बोललो तर अप्पा हसले. "सर, येळवशीला घरात कोन ऱ्हातंय? समद्यांला घेऊन शेतात या. आंबील लई हाय." कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीपुढं पाहुणे शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीवर नि भाकरीवर तुटून पडले. हात धुताना एकानं विचारलं, "साहेब त्या टेबलावर रोज किती वेळ लिहायचे?" अप्पांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग बांधावरच्या कडुलिंबाकडं बोट केलं. "दादा लिवायचा तितं. म्या औत हाकायचो, त्यो मोठ्यानं वाचायचा. खोटं वाटलं की म्या म्हनायचो, दादा, हे न्हाय जमलं. चिडायचा लई... पन खोडायचा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना अप्पाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर ती पाटी. मानसं लांबून येतेत." मी ती दुसऱ्याच दिवशी काढली.

गेल्या पावसाळ्यात अप्पांनी अंथरूण धरलं. "दादानं शेवटचं पुस्तक पुण्यात लिवलं. ते मला कुनी वाचून दावलंच न्हाय," एवढंच एकदा म्हणाले. मग मी दुपारी जाऊन वाचायला लागलो. अप्पा डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं, झोप लागली असेल. सातव्या प्रकरणात आई जाते आणि नायक टाहो फोडतो. त्या प्रकरणावर मी एकेकाळी कौतुकाचा लांबलचक लेख लिहिला होता. तिथं त्यांनी हात वर केला. "थांबा सर. हे दादानं लोकांसाठी लिवलंय. आमची आई गेली तवा त्यो रडलाच न्हाय. दिसभर गोठ्यातलं शेन काढत बसला... म्या जवळ आसतो तर त्यानं हे खोडलं आसतं." मी पान परत वाचलं. अप्पांचं खरं होतं.

अप्पांचे दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा गेलो. महानंदा तूर निवडत बसली होती. अप्पांच्या खोलीच्या उंबऱ्यावर टेकलो आणि उरलेली चाळीस पानं मोठ्यानं वाचून काढली. शेवटी नायक गावी येतो आणि शेतातली माती कपाळाला लावतो. मी पुस्तक मिटलं. सुपातले हात तसेच ठेवून महानंदानं विचारलं, "हे मामांनी ठिवू दिलं आसतं का हो, सर?"

जन्मभर मी मराठी शिकवलं, ही कादंबरी चारदा वाचली... पण मला सांगता आलं नाही.