बुडबुडे सरांची बादली

फेस दिसला की बुडबुडे सर जागचे हलायचे नाहीत. मी अंगणात कपडे धूत असले की शेजारच्या दारातून थेट माझ्या धुण्याच्या घमेल्यापाशी यायचे, उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "वैनी, थांबा, पानी नका टाकू. हा फुगा पाहा, कसा मळ उचलून राह्यला!" शेजारचा बाप्या असा आपल्या धुण्यात डोकं घालून बसलेला पाहून रस्त्यावरचे लोक हसायचे आणि माझा जीव जायचा. एकदा चिडून म्हटलं, "सर, तुमचे बी कपडे आना, एकदाचा काय तो फेस पाहून घ्या." तर हा माणूस खरंच घरातून दोन शर्ट घेऊन आला!

त्यांचं खरं नाव आमच्या अनसिंग गावात कोणी घेतच नसे. आमच्या शाळेत मी मराठी शिकवायची, ते विज्ञान. पोरांनी ठेवलेलं नाव गावभर झालं. लग्न केलेलं नव्हतं. सख्खं माणूस एकच, मोठी बहीण, आणि फेसाचं हे वेडही तिच्यापायीच.

ताईला दिलं होतं तिकडे वणीच्या बाजूला, कोळशाच्या पट्ट्यात. गावाला लागून कोळसा धुण्याचा कारखाना होता. धुतलेला कोळसा मालगाडीनं जायचा आणि मैद्यासारखी बारीक भुकटी मातीसकट काळ्या पाण्याबरोबर तळ्यात सोडून द्यायचे. ते तळं भरत आलं होतं, आणि दुसरं ठरलं होतं ताईच्या शेतात, तिच्या विहिरीवर. जमीन कधीच कारखान्याच्या ताब्यात गेली होती; खोदायला सुरुवात होईपर्यंत तिला कोणी उठवत नव्हतं, इतकंच. ती विहीर तिनं आणि दाजींनी स्वतःच्या हातांनी खणलेली. दाजी गेले तेव्हा त्याच पाण्यावर वांगी-मेथी लावून ती उभी राहिली होती. "माह्या मानसाचा घाम हाये रे त्या विहिरीत, बापू," ती फोनवर रडायची. "तिच्यावर चिखल नको टाकू देऊ."

सरांनी कारखान्याचे साहेब गाठले. ते काही वाईट नव्हते. म्हणाले, "त्या चिखलातला कोळसा वेगळा करून दाखवा. कोळसा निघाला तर चिखल उरेल किती? दुसऱ्या तळ्याचं मी वर बोलून पाहतो."

झालं! त्या दिवसापासून सरांच्या घरात काळ्या चिखलाचे डबे आले. बादलीत चिखल, त्यात थेंबभर डिझेल, वरून रिठ्याचं पाणी आणि खालून मासे पाळायच्या पेटीतल्या पंपाची हवा. मला समजावून सांगायचे, "कोळशाले तेल आवडते, मातीले पानी. तेल लागलेला कोळसा फुग्याले बिलगते अन् वर येते, माती राह्यते खाली. कोळसाबी मानसासारखाच हाये वैनी, कोनी धरलं तं वर येते." पण कोळसा काही वर येईना. फुगे यायचे, फुटायचे, आणि सर बादलीकडे आजारी लेकराकडे पाहावं तसे पाहत बसायचे. जेवणाच्या डब्यातली भाजी आंबून जायची. दाढी वाढली, गालफडं बसली. मी ओरडायची, "जेवा तं आधी!" ते म्हणायचे, "तळं भरून राह्यलं न वैनी."

आणि एका दुपारी रिठा आणि डिझेलचं माप जमलं. अशी हाक मारली की मी पोळी तव्यावर टाकून पळाले. बादलीवर काळाभोर जाड फेस, दुधावर साय धरावी तसा! माझाच झारा नेऊन त्यांनी तो काढला, पत्र्यावर वाळवला आणि चुलीत टाकला. पेटला की हो! बादलीच्या तळाशी नुसती राखाडी माती. सर चुलीपुढे बसून ढसाढसा रडले.

साहेबांना दाखवायच्या दिवशी आम्हीही गेलो, आमच्या ह्यांच्याच जीपमधून. बादली मांडली तळ्याच्या काठावर, आणि पाणी सरांनी हट्टानं ताईच्या विहिरीचं शेंदून आणलं. म्हणाले, "तिचंच पानी तिले वाचवंल." पंप सुरू झाला. फेस आला, पण पांढरा. मोठमोठे फुगे नुसते फुटत राहिले. सरांनी रिठा वाढवला, डिझेल वाढवलं, बादली पालथी करून पुन्हा भरली. साहेब बराच वेळ थांबले आणि शेवटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कष्ट घेतले तुम्ही, सर." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेबांची गाडी गेली तरी ताई म्हणतच होती, "अजून एकदा कर ना रे बापू. अजून एकच डाव."

मग खोदायचं मशीन आलं आणि ताईची विहीर चिखलाखाली गेली. सर तिला अनसिंगला घेऊन आले. आल्या आल्या तिनं आमच्या सामाईक बोअरचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घातलं आणि थुंकलं. "अगं माय! हे कसलं खारं पानी!"

आम्ही हसलो. ते पाणी आम्ही कधी प्यायलोच नव्हतो. प्यायला कॅनचं पाणी, बाकी सगळ्याला, सरांच्या बादलीलासुद्धा, बोअरचं. खारं आहे हेसुद्धा विसरलो होतो. पण सर हसले नाहीत. उरलेला चिखल घेऊन ते परसात गेले. मी मागोमाग गेले. बोअरच्या पाण्यात कोळसा वर आला. कॅनच्या पाण्यात फुगे फुटले. मग त्याच बादलीत त्यांनी दोन मुठी मीठ टाकलं, आणि बघता बघता काळा फेस काठोकाठ आला.

"मिठानं फुगे फुटत नाहीत, बारीक राह्यतात," ते पुटपुटले. मग भिंतीवर कपाळ आपटायला लागले. "दोन मुठी मीठ, वैनी! दोन मुठी मीठ! तिच्या घरातबी होतं न!" मी त्यांना धरलं, पण आवरेनात. शांत झाल्यावर एवढंच म्हणाले, "ताईले नका सांगू. तुमाले माही शपथ हाये."

त्या दिवसापासून सरांनी मीठ सोडलं. ताई अळणी वरण वाढायची आणि माझ्याकडे येऊन कुरकुरायची, "डाक्टरनं सांगतलं म्हने. कायचं डाक्टर न काय! मले तं चव लागत नाही त्याले जेवताना पाहून." मी विषय बदलायची. सर पुन्हा कधी माझ्या धुण्यापाशी येऊन बसले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि सर गेले. तेराव्याला ताईनं त्यांच्या नावाचं पान वाढलं. सगळ्यात आधी पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढलं, चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर. पानावरून हात फिरवत म्हणाली, "आता तरी खाय रे बापू. कोनाची शपथ घेतली होती, देवाले मालूम."

मला मालूम होतं. मी पदर तोंडात कोंबला आणि लोकांना पाणी वाढायला उठले.