डोहातले रोहू

"मॅडम, मासे तोंड वर काढून राहिले जी. लवकर या."

फोन भागरथाबाईचा होता. केशोरीच्या पुढं नदीकाठच्या एका गावात ढिवरांची मच्छीमार सोसायटी आहे, तिची ती अध्यक्ष. मी कुडव्याच्या भाड्याच्या खोलीत नुकता चहा ओतला होता. तो तसाच ठेवून ऑफिसची जीप मागवली. जीप त्या दिवशी चालू होती, हे नशीबच.

मी मत्स्यव्यवसाय खात्यात होते. लोकांना वाटतं, आमचं काम मासे पकडायचं. पकडणारे पकडतातच, आमचं काम ते जगवायचं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मग मासा वर येऊन गपागप तोंड उघडतो. बघणाऱ्याला गंमत वाटते, मला घाम फुटतो.

त्या नदीवर पाणी अडवायला बांधलेली एक जुनी सिमेंटची भिंत होती. भिंतीच्या खाली खोल डोह, आणि डोहात मोठमोठे रोहू. आम्ही त्यांना ब्रूडर म्हणतो, म्हणजे अंडी देणारे मासे. पूर आला की ते प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि वर जाऊन अंडी घालतात. उन्हाळ्यात त्या डोहात जाळं टाकायचं नाही, असा ढिवरांचा नेम. हे मासे चढायचे असतात, खायचे नसतात.

नेमाचा दुसरा भाग भागरथाबाईच्या घरचा होता. तिचं माहेर त्याच नदीवर, वरच्या अंगाला. खालच्यांनी मासे जाऊ द्यायचे, वरच्यांनी पहिला रोहू धरायचा, आणि तिच्या भावानं, दसरूदादानं, तो बहिणीच्या घरी आणायचा. भिंत झाली आणि मासे वर जाईनात. आणायला काही उरलं नाही, तसं दादाचं येणंही थांबलं. रिकाम्या हातानं बहिणीकडं कसं जायचं, अशी त्याची समजूत. ही मात्र दर पावसाळ्यात दारात उभी राहून रस्ता बघायची. हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं, आणि सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

आता भिंत निकामी ठरली होती आणि ती फोडायचं काम निघालं होतं. भागरथाबाईइतका आनंद कुणालाच झाला नसेल. पण त्याच उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवला, आणि आग जंगलात शिरली. मागून अवकाळी पावसाची एक सर आली, तिनं सगळी राख भिंतीमागच्या पाण्यात आणून टाकली. मी गेले तेव्हा ते पाणी काळं पडलं होतं. हात घातला तर आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. भिंत फोडली की हे सगळं खालच्या डोहात येणार, आणि डोहातले मासे तर आधीच धापा टाकत होते.

मी भिंत फोडणाऱ्या अभियंत्यांना गाठलं. "साहेब, काम पुढं ढकला."

"मशीन आलंय, मॅडम. पाऊस लागला तर पुढच्या उन्हाळ्याशिवाय काम नाही. परवा सकाळपर्यंत थांबतो, त्याच्यापुढं नाही."

त्यांचंही खरं होतं. मी भागरथाबाईला विचारलं, "एक वर्ष थांबायचं का?"

"आनखी एक साल? माहा दादा काठी टेकून राहिला, मॅडम."

"मग मासे उचलून दुसरीकडं न्यावे लागतील. डोहात जाळं टाकावं लागेल."

"डोहात जाळं नाई पडत जी."

"मग मरतील."

मी थर्मामीटर घेऊन उरलेला दिवस वरच्या अंगाला हिंडले. जांभळांच्या दाट सावलीत एक डोह सापडला. पाणी गार होतं, तिथवर आगही पोचली नव्हती. संध्याकाळी येऊन मी त्या डोहाकाठच्या गावाचं नाव सांगितलं. ते भागरथाबाईचं माहेर होतं.

"पहिलं जाळं माह्या घरचं पडन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, पाणी तापायच्या आत, कामाला लागलो. मासे ड्रमात, ड्रम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वर ओलं गोणपाट. एका ड्रमात मोजकेच मासे घाला, असं मी ओरडून सांगत होते. पण मागं एकही राहू नये म्हणून शेवटच्या ड्रमात लोकांनी दाबून भरले. मायेनंच भरले. त्या ड्रमातले सगळे वाटेतच मेले. मी चिडले, वाट्टेल ते बोलले. मेलेल्यांपैकी एकही मासा कुणी घरी नेला नाही, जांभळाखाली खड्डा करून पुरले.

बाकीच्यांना लगेच सोडता येत नव्हतं. कोमट पाण्यातला मासा एकदम गार पाण्यात गेला तर दगावतो. म्हणून डोहाचं पाणी ड्रमात हळूहळू मिसळलं आणि मग ड्रम आडवे केले. मासे निघून गेले. काठावर दसरूदादा काठी धरून उभा होता. बहीणभाऊ तेव्हा फारसं बोलले नाहीत, कामाची घाई होती.

भिंत फुटली. पावसाळ्यात पहिला पूर ओसरल्यावर नदीच्या खालच्या अंगाचे दुसरे मासे चढतात का ते बघायला मी गेले आणि भागरथाबाईच्या ओसरीवर टेकले. तेवढ्यात दसरूदादा नातवाच्या सायकलवर मागं बसून आला. तिनं आधी त्याच्या हातांकडं पाहिलं.

"दादा, मासे नाई चढले का?"

"चढले ना वं. खालून झुंडीच्या झुंडी येऊन राहिल्या."

"मंग आनला काऊन नाई?"

"जाळ्यात लागला होता. सोडून देल्ला. इतक्या सालानं आला, त्याले कायले मारू?"

"मंग रिकाम्या हातानं कायले आला?"

"मासे आले, हे सांगाले."

ती पदरानं डोळे पुसत आत गेली. त्या दिवशी ढिवराच्या घरी पाहुण्याला वरणभात झाला. मीही जेवले. परतताना जीपमध्ये मला सांगलीच्या माझ्या भावाची फार आठवण आली. आमच्यामध्ये कुठली भिंत नव्हती, नुसता आळस होता.

खात्यातल्या नव्या मंडळींना मी अजून सांगते, भिंत फोडायच्या आधी खालच्या पाण्याचं तापमान मोजा, आणि ड्रम दाबून भरू नका. आणखी एक गोष्ट आहे, ती खात्याच्या कामाची नाही. जायचं असेल तर रिकाम्या हातानंही जावं. मी दिवाळीची वाट न बघता सांगलीला जाऊन आले.