आमच्या गाडीत शेळी बसली होती

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तिथल्या माणसानं टिश्यू पेपर ठेवला. दोन बोटांनी उलगडला. आत एक लेंडी होती.

"हे काय आहे?" त्यानं माझ्या वडलांना, आबांना विचारलं.

आबांना वाटलं, त्याला खरंच माहीत नाही. ते वाकले, नीट बघितलं.

"लेंडी हाय की. शेळीची."

मागं बसलेले लोक मोठ्यानं हसले. कॉफीच्या मशीनपाशी उभा असलेला एकजण कप हातात घेऊन बघायला पुढं आला. एका बाईनं आपल्या मुलाला ओढून जवळ घेतलं. सगळे हसतायत म्हणून आबाही थोडं हसले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझे कान तापले.

"मागच्या सीटखाली सापडली," तो म्हणाला. आता तो आमच्याशी बोलत नव्हता, बाजूला उभ्या असलेल्या मॅनेजरशी बोलत होता. "सर, कस्टमरनं गाडीत जनावर नेलंय. कस्टमरनं स्वतः कबूल केलंय. वॉरंटीत बसत नाही."

कस्टमर.

त्याच दिवशी सकाळी हाच माणूस आबांना मामा म्हणत होता.

मी बी.एस्सी.ला आहे. सोलापुरात हॉस्टेलवर राहते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, माळावर. शेळ्यामेंढ्या आणि थोडं रान. आबांनी बरीच वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवला, म्हणून गाडी चालवता येते. नवी कोरी गाडी आम्ही घेतली ती हौसेसाठी नाही. माझी मोठी बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला घरी यायची होती. दवाखाना लांब. वेळेला गाडी दारात पाहिजे, एवढंच आबांचं म्हणणं होतं. त्यासाठी निम्मा कळप विकला.

गाडी घेताना फोन नंबर माझा दिला. इंग्रजीत काही आलं तर मला कळेल म्हणून.

त्या दिवशी शोरूममध्ये घंटा वाजवली. सगळा स्टाफ टाळ्या वाजवत गोळा झाला. आबांच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन फोटो काढला. "या शेठ, बसा शेठ." आबांना आयुष्यात कुणी शेठ म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत ते स्वतःशीच हसत होते.

मग गाडी बंद पडायला लागली.

चालता चालता. कारण काही नाही. इंजिन गप्प व्हायचं, गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबायची. थोडा वेळ गेला की आपोआप चालू. पहिल्यांदा कामतीच्या पुढं बंद पडली, तेव्हा मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्यानं ऐनवेळी गाडी वळवली. आबांनी घरात हे सांगितलं नाही, मला फोनवर सांगितलं.

आबा आणि मी सोलापुरातल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथं तक्रारी लिहून घेणारा ॲडव्हायझर म्हणून हाच माणूस भेटला. माझ्यापेक्षा असेल-नसेल पाच-सहा वर्षांनी मोठा. इस्त्रीचा शर्ट, टाय, गळ्यात ओळखपत्र. गावाचं नाव विचारलं आणि उठून उभाच राहिला.

"अहो, माझं आजोळ तुमच्या शेजारच्याच गावात! म्हणजे तुम्ही माझे मामा झालात की!"

आणि पाया पडला. टाय लावलेला माणूस, सगळ्यांसमोर, आबांच्या पाया पडला.

आमच्याकडं आईच्या गावचा कुणीही माणूस मामाच असतो. रक्ताचं नातं लागत नाही. आणि मामा झाला की मामाचं वागणं आलं. भाच्याला रिकाम्या हातानं भेटायचं नाही. भाच्याचं वाईट करायचं नाही. आबांनी ते तिथल्या तिथं अंगावर घेतलं.

गाडी दिवसभर तिथं उभी राहिली. संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, प्रॉब्लेम दिसलाच नाही. आमच्याकडं मस्त चालते. असं करा, बंद पडली की तशीच घेऊन या."

"बंद पडल्यावर आणू कशी?" आबांनी विचारलं.

त्यानं थोडा विचार केला. "ते पण हाय म्हणा."

आम्ही तिघंही हसलो. तेव्हा हसू आलं.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, कंपनीचा फोन येईल. दहापैकी किती मार्क देता विचारतील. दहाच सांगा. नऊ दिले तरी आमच्यासाठी शून्यच. नोकरीचा प्रश्न आहे."

मला ते पटत नव्हतं. काम झालंच नव्हतं, तर दहा कशाचे? आबांना विचारलं.

"भाच्याच्या पोटावर पाय द्यायचा व्हय? दे की दहा. त्यात आपल्या घरचं काय जातंय?"

फोन आला. मी दहा दिले.

गाडी परत बंद पडली. परत गेलो. ह्या वेळी आबांनी भाच्यासाठी डाळिंबं नेली. त्यानं ती टेबलाखाली ठेवली. चहा पाजला. काहीतरी साफ केलं म्हणाला, काय ते नीट कळलं नाही. "आता बिनधास्त जावा, मामा." परत फोन. परत दहा.

मग आक्का माहेरी आली. आमच्या आत्यानं तिच्यासाठी दुभती शेळी दिली. बाळंतिणीच्या घरात दुभती शेळी असावी, म्हणून आत्याच देते. आबांनी मागच्या सीटवर पोतं अंथरलं आणि शेळीला गाडीतून घरी आणलं. एकदाच. आक्का सांगत होती, शेळी खिडकीतून बाहेर बघत अशी बसली होती की सरपंचीणबाई.

आणि गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. आक्का आत असताना. दवाखान्यात तपासणीला जाताना, भर उन्हात. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला रडवेल्या आवाजात फोन केला.

म्हणून त्या सकाळी आम्ही परत सर्व्हिस सेंटरला आलो होतो. गाडी आत गेली. तो चहा घेऊन आला. आबा आपल्या भाच्याशी घरच्या गप्पा मारायला लागले. आक्काचं सांगितलं. आत्याचं सांगितलं. आणि कौतुकानं म्हणाले, "बंद पडती तेवढं सोडलं तर गाडी लई गुणाची हाय बघ. मागल्या आठवड्यात शेळी आणली मागं बसवून. ऐसपैस बसली."

"व्हय का मामा?" तो म्हणाला. हसला. कप ठेवून वर्कशॉपमध्ये गेला.

परत आला तो टिश्यू पेपर घेऊन.

मॅनेजरनं आम्हाला समजावून सांगितलं. मागच्या सीटखाली पेट्रोलच्या पंपाची वायर असते. तिच्या कनेक्टरवर जनावराची लघवी गेली असणार. त्यामुळं गाडी बंद पडते. चूक आमची.

आबांनी हात जोडले.

"चुकलं साहेब. पुन्यांदा न्हाय घालणार शेळी."

मॅनेजर म्हणाला, आधी गाडी साफ झाली पाहिजे. आणि ॲडव्हायझर म्हणाला, तेही माझ्याकडं न बघता, "वॉशिंगची मुलं हात लावायला तयार नाहीत. तुमचं तुम्हीच करून घ्या."

आबा लगेच गेले. खांद्यावरचा टॉवेल काढून ओला केला आणि अर्धे गाडीत शिरून सीट पुसायला लागले. मधे मोठी काच होती. काचेच्या अलीकडं थंडगार हवा, खुर्च्या, टीव्ही. टीव्ही कुणी बघत नव्हतं. सगळे आबांना बघत होते. एकानं मोबाईल वर धरला होता.

आबा शेळीची माफी मागत होते. त्या गाडीचं एकेक चाक शेळ्यांनी दिलंय. माझ्या कॉलेजची फी शेळ्यांनी दिलीय. आणि शेळी बसली म्हणून गाडी विटाळली.

मी बाहेर गेले. आबांच्या हातातून टॉवेल घेतला.

"आगं, राहू दे. थोडंच राहिलंय."

"आबा, पुसायचं नाही."

आत आले. मॅनेजरला विचारलं, "शेळी मागच्या आठवड्यात बसली. गाडी त्याच्या आधी दोनदा बंद पडली. तेव्हा कुणाची लघवी होती?"

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. जरा समजून घ्या." त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. "तेव्हा गाडीत प्रॉब्लेमच नव्हता. दोन्ही वेळेला तुम्हीच दहापैकी दहा दिलेत. पूर्ण समाधानी."

मी ॲडव्हायझरकडं बघितलं. तो कीबोर्डवर काहीतरी टाईप करत होता. बराच वेळ टाईप करत होता.

दहा होते म्हणून आधी बिघाड नव्हता. शेळी होती म्हणून आताचा बिघाड आमचा. दोन्ही गोष्टी आम्हीच त्यांच्या हातात दिल्या होत्या. एक भाच्याची नोकरी टिकावी म्हणून, एक भाचा घरचा म्हणून.

मॅनेजर मऊ झाला. म्हणाला, "ठीक आहे, माणुसकी म्हणून आम्ही दुरुस्त करून देतो. फक्त लिहून द्या की बिघाड जनावर नेल्यामुळं झाला."

आबा मागं येऊन उभे होते. "दे लिहून, बाळ. आक्काचे दिवस भरत आलेत."

पेन माझ्यासमोर होतं. आक्का डोळ्यांसमोर होती. सही केली असती तर गाडी मिळाली असती. पण तेच खोटं कारण धरून दुरुस्त केलेली गाडी. खरा बिघाड तसाच आत. आणि त्या गाडीत कळा देणारी आक्का.

"नाही लिहिणार," मी म्हटलं. "आमच्या गाडीत आमची शेळी बसली होती. पुन्हाही बसेल. तुम्ही गाडी चालवा. बंद पडेपर्यंत चालवा. मग का बंद पडली ते शोधा आणि ते लिहून द्या. तोवर गाडी इथंच राहील."

गेटपर्यंत ॲडव्हायझर पळत आला. "ताई, एवढं ताणू नका हो. मामांना उगाच त्रास."

"त्यांना मामा म्हणू नका."

"अहो, पण—"

"कस्टमर म्हणा. आत म्हणालात ना."

आबा एसटीत खिडकीशी बसले आणि एवढंच बोलले, "ह्याच्यासाठी शिकवली व्हय तुला? गाडी सोडून यायला?" मी गावातल्या जीपवाल्या दादांना फोन करून आक्कासाठी सांगून ठेवलं. ते हो म्हणाले. आबांनी त्यानंतर मला फोन केलेला नाही. आक्कानं केला. म्हणाली, "तुझं भांडण तुला लखलाभ. मला गाडी पायजे होती गं." ती रागावली ते बरोबरच आहे.

मी रोज कॉलेज सुटलं की सर्व्हिस सेंटरला जाते. बसते. वॉचमन पहिल्या दिवशी विचारत होता, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "गाडीची." आता विचारत नाही. कुणी बोलत नाही माझ्याशी. एकदा माझ्या डोक्यावरचा एसी तेवढा बंद केला होता. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसते, पण वाचून होत नाही.

काल एक म्हातारं जोडपं आलं. साधी माणसं. नवी गाडी, आवाज करते म्हणत होती. ॲडव्हायझर त्यांच्याकडं गेला. गाव विचारलं.

"वळसंग," म्हातारबाबा म्हणाले.

"अहो, काय सांगता! माझं आजोळ तुमच्या शेजारच्याच गावात! म्हणजे तुम्ही माझे मामा झालात की!"

आणि वाकला. पाया पडला.

वळसंग सोलापूरच्या एका टोकाला, आमचा माळ दुसऱ्या टोकाला. माणसाला एकच आजोळ असतं. मी पुस्तक मिटलं. आबांनी निवडून आणलेली डाळिंबं आठवली. तो आपल्यातला असून फिरला, असं मी इतके दिवस समजत होते. तो कधी आपल्यातला नव्हताच. पाया पडणं हा त्याच्या कामाचा भाग होता, टाय लावण्यासारखा.

म्हातारीनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

मी उठले. मला लोकांसमोर बोलायची सवय नाही, वर्गातही मी उत्तर माहीत असून हात वर करत नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आजोबा, ह्यांचं आजोळ आमच्याकडंही आहे. घरातलं काही सांगू नका. आणि कंपनीचा फोन आला तर जे झालं तेच सांगा. काम झालं नसेल तर शून्य सांगा."

म्हातारबाबा माझ्याकडं बघत राहिले, मग त्याच्याकडं. तो दातांवर दात दाबून म्हणाला, "मॅडम, असं केलंत तर तुम्हाला आत सोडणार नाही."

"मग गेटवर बसेन," मी म्हटलं. "गाडीतून येणारा प्रत्येक माणूस गेटवरूनच आत येतो."

उद्या माझं प्रॅक्टिकल आहे. ते संपलं की मी जाणार आहे.