कच्चे टाके, काळा रंग

शालूबाईंच्या घरात मोडकी वस्तू टाकून द्यायची सोय राहिली नव्हती. टेबलफॅन जळाला, तर आठ दिवसांनी त्याची जाळी सुनेच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी दिसली, साडीचा पदर गुंतू नये म्हणून. तेलाच्या डब्याचा पत्रा साखळीवर गेला. जुन्या खाटेच्या पाइपातून दुधाच्या कॅनचे दोन भक्कम हुक निघाले.

हे सगळं त्यांच्या मालकांचं, नाथाजींचं काम. सैन्यात अठरा वर्षं ट्रक चालवून ते पेन्शनीवर गावी आले. शिराळ्यापासून गाव जवळच. पडवीत त्यांनी वेल्डिंगचं लहान मशीन मांडलं. लोक दुकानात एखादी महागडी वस्तू बघून यायचे, हातवारे करून सांगायचे, आणि नाथाजी तशीच, बऱ्याचदा जास्त टिकाऊ वस्तू भंगारातून उभी करायचे. "नाथाजीच्या हातचं हाय," एवढं म्हटलं की पुढं कुणी विचारत नव्हतं.

सून क्रांती रोज सकाळी त्याच गाडीवरनं डेअरीला दूध घालायची. नवरा शिवतेज सैन्यात, लांब सीमेवर. चार वर्षांची ओवी आईबरोबर कुठंही निघाली की पेट्रोलच्या टाकीवर बसायची, आणि ब्रेक लागला की पुढं घसरायची. म्हणून क्रांतीनं सासऱ्याला सांगितलं, मामा, हिला बसायला टाकीवर एक शीट करा.

नाथाजींनी मन लावून केली. पाठीला टेका, पाय ठेवायला दांडी, वर चढवायला जुन्या गादीचा फोम आणि रेक्झिन काढून ठेवलं. अष्टमीच्या संध्याकाळी शीट टाकीवर बसणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना जोडायचं काम चाललं होतं. शिंपी आधी कच्चा टाका घालून मग शिवण मारतो, तसं नाथाजी आधी चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारायचे, सरळ बसलंय का बघायचे आणि मग सगळीकडून पक्कं भरायचे. टाके मारून झाले आणि शालूबाई पडवीत आल्या.

"आवं, उद्या खंडेनवमी. हत्यारं धुवून पूजेला लावायची हायती. ठेवा आता ते."

नाथाजी म्हणाले, अर्धा तास दे. शालूबाईंनी दिला नाही. एकदा पूजेला बसलेली हत्यारं दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत उचलायची नाहीत, ही त्यांच्या सासूची शिस्त, आणि ती त्यांनी कधी मोडली नव्हती. नाथाजींनी ऐकलं. पण दसऱ्याला गाडीची पूजा, आणि शीट अशी उघडी, गंजकी दिसणार, हे त्यांना बघवेना. ब्रश काय हत्यार नाही, असं म्हणत त्यांनी काळा रंग मारला आणि वाळल्यावर फोम घालून शीट गाडीवर चढवून ठेवली. भरायचं काम दसऱ्यानंतर. हे त्यांनी मनाशी ठरवलं, कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. शालूबाईंनी हँडलला हळद-कुंकू लावलं, तसंच शीटलाही लावलं. दुपारी क्रांतीचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता. त्याचा फोन आला, म्हैस व्यायला अडलीय, मी निघू शकत न्हाई. क्रांती म्हणाली, त्यात काय, खिंड ओलांडली की माहेर, मीच जाते. नाथाजी तेव्हा भावकीबरोबर देवीच्या देवळात होते. ओवीला शीटवर शालूबाईंनीच उचलून बसवलं. पाय दांडीवर नीट टेकले का, तेही बघितलं.

अर्ध्या तासानं नाथाजी आले. अंगणात गाडी नाही. त्यांनी विचारलं, क्रांती कुठं गेली? शालूबाईंनी सांगितलं. नाथाजींनी तिथंच दारात विचारलं,

"ओवीला शीटवर बसवलंय?"

"मग कुठं बसवायची?"

"नुसते टाके हायती, शालू. आत काय भरलेलं न्हाई."

शालूबाईंना आधी कळेना. मग अष्टमीची संध्याकाळ आठवली. नाथाजी फोन लावत होते. रिंग जात होती, क्रांती उचलत नव्हती. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिच्या भावाला लावला. तो म्हणाला, अजून आली न्हाई.

शेजारच्या तात्याबांची मोटरसायकल घेतली. शालूबाई मागं बसल्या. नाथाजी म्हणाले, तू कशाला? त्या उतरल्या नाहीत.

रस्ता तोच होता, रोजचा. आज मात्र त्यांना प्रत्येक खड्डा दिसत होता. गाडी आदळली की त्या मनात म्हणायच्या, एक टाका गेला. मग वाटायचं, नाही, क्रांती इथं हळू गेली असेल. शीट कलली तर पोर उजवीकडं पडेल की डावीकडं? उजवीकडं पडली, तर मागनं येणारा उसाचा ट्रॅक्टर, डावीकडं ओढा. जोतिबाचं नाव घ्यायला गेल्या, तर मधेच दुसरं काहीतरी उभं राहायचं. आणखी अर्धा तास मशीन चाललं असतं तर देवाला राग आला असता का? आपणच वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवायला लावला. आपणच पोर उचलून बसवली.

वळणावर माणसांची गर्दी दिसली. नाथाजींच्या पाठीला त्यांनी इतक्या जोरात धरलं, की गाडी हलली. जवळ गेल्यावर दिसलं, बांधावरच्या आपट्याच्या फांद्या तोडत होते लोक. एकानं हात करून विचारलं, कुठं गड्या एवढ्या घाईनं? नाथाजींनी क्रांती दिसली का विचारलं. गेली की मघाशी, पोरगी हात हलवत होती, म्हणाला तो.

म्हणजे इथवर ठीक होतं. पुढं खिंडीचा चढ, आणि तिथंच रस्ता सगळ्यात वाईट.

चढाच्या पायथ्याला म्हसोबाच्या दगडापाशी क्रांतीची गाडी उभी होती. झेंडूची माळ तुटून लोंबत होती. माणूस कुणी दिसेना. शालूबाई गाडी थांबायच्या आत उतरल्या आणि पडता पडता राहिल्या. मग दगडाच्या पलीकडनं ओवीचा आवाज आला. ती आईच्या मांडीवर बसून गुडघ्यावरच्या ओरखड्याला फुंकर घालत होती. क्रांतीनं तिचा फ्रॉक अजून मुठीत धरला होता.

तिनं सांगितलं ते थोडक्यात. खड्ड्यात चाक गेलं, कट् असा आवाज झाला, शीट डावीकडं झुकली. ओवी ओढ्याच्या बाजूला कलली. क्रांतीनं गुडघा आडवा घातला, एका हातानं पोरीचा फ्रॉक धरला, आणि गाडी कशी थांबली ते तिलाच ठाऊक नाही.

नाथाजी गाडीजवळ बसले. चारातले तीन टाके सुटले होते. चौथ्यावर त्यांनी बोट ठेवलं, जरा दाबलं, आणि शीट हातात आली. तुटल्या जागी रंगाचा पापुद्रा निघाला होता, आत दाण्याएवढा ठिपका. शालूबाई म्हणाल्या, माझ्यामुळं झालं, मी थांबवलं त्यास्नी. क्रांतीनं मान हलवली.

"आत्या, थांबवल्यानं काय झालं न्हाई. रंग न मारता उघडी असती तर मला दिसलं असतं की काम अर्धं हाय. मी पोरीला बसूच दिलं नसतं." मग ती सासऱ्याकडं वळली. "मामा, तुमच्या हातचं म्हणून मी हलवूनसुद्धा बघितलं न्हाई."

नाथाजी म्हणाले, "व्हय. चुकलं माझं." शालूबाईंनी तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.

माहेरी जायचं ते गेलेच. क्रांतीनं गाडी हळू चालवली, ओवीला मधे घेऊन शालूबाई मागं बसल्या, आणि नाथाजी सुटी शीट पुढ्यात धरून पाठोपाठ आले. खिंड उतरेपर्यंत शालूबाईंनी नातीभोवतीचा हात सैल केला नाही. ओवी म्हणत होती, आजी, दुखतंय.

तिसऱ्या दिवशी नाथाजींनी मशीन काढलं आणि शीट पट्ट्यांवर ठेवून चारी बाजूंनी भरली. ब्रश शोधू लागले, तर रंगाचा डबा जागेवर नव्हता. क्रांती दारात उभी होती.

"रंग मी देणार मामा. आणि लोखंड उघडं असतानाच बघणार. शीटचंच न्हाई, गिऱ्हाइकाचंबी."

नाथाजींनी शीट तिच्या पुढं ठेवली. तिनं ती उंबऱ्याला टेकवून, पट्ट्या पायाखाली दाबून, अंगातला सगळा जोर लावून ओढली. शालूबाई चुलीपासनं बघत होत्या. शीट हलली नाही, तरी त्या चुलीकडं वळल्या नाहीत. क्रांतीनं पुन्हा ओढली.

रंगाचा डबा अजून तिच्या खोलीत फळीवर असतो. गिऱ्हाईक घाई करतं, उन्हात उभं राहून कुरकुरतं. नाथाजी त्याला पाणी देतात, आणि सून दूध घालून येईपर्यंत बसा म्हणतात.