वहिनीचा रिव्हर्स

माझी वहिनी घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. चढावरच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं आहेत, त्यांना लॅबपर्यंत येणं जमत नाही. ती सकाळी उपाशीपोटी वहिनीची वाट बघत पडलेली असतात. डोळ्यांना न दिसणारी शीर वहिनी बोटाने चाचपून काढते. या माणसांसाठीच ती पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. आधी भाऊ शिकवायला बसला, तर "ब्रेक, ब्रेक" करून त्याने सगळी गल्ली गोळा केली. मग रीतसर क्लास लावला आणि लायसन काढलं.

आणि दुसऱ्याच महिन्यात, त्या वस्तीतल्या एका अरुंद बोळातून मागे येताना तिने गाडी विजेच्या खांबावर घातली. गाडीचा मागचा दिवा फुटला, बाकी काही नाही. पण शेजारच्या सीटवरची पेटी खाली आली आणि रक्ताच्या चार नळ्या फुटल्या. चार घरी परत जाऊन पुन्हा सुई टोचावी लागली. त्यातले एक आजोबा ऐंशीच्या पुढचे, शीर दोऱ्याएवढी. "परत का गं?" एवढंच म्हणाले. वहिनी त्या दिवशी जेवली नाही.

तीन आठवडे गाडी कव्हरखाली. वहिनी रिक्षाने नाहीतर बसने जायची, पेटी उशिरा पोचायची, आणि उशीर झालेल्या रक्ताचा काही भरवसा नसतो. शुक्रवारी लॅबच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, उद्या साडेनवाच्या आत पेटी आली नाही तर सोमवारपासून ही वस्ती दुसऱ्याला देतो.

माझं तोंड फटकळ. मी म्हटलं, "हातपाय गाळून बसलीस तर ती माणसं गेली तुझ्या हातची. मी येते शेजारी, पेटी मांडीवर धरते." मला स्वतःला सायकलही येत नाही, पण सल्ला द्यायला कुठे लायसन लागतं?

शनिवारी सहाला निघालो. वहिनीने स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती, मागून हॉर्नवर हॉर्न. गंमत म्हणजे घरात शिरली की ही वेगळीच बाई. दंडाला पट्टा बांधायची, बोट टेकवायची, सुई आत. परत गाडीत बसली की तीच बोटं पुन्हा स्टिअरिंग आवळायची.

शेवटचं घर त्या आजोबांचं. खालच्या रस्त्यावर ट्रकची रांग, त्यामुळे गाडी बोळातच न्यावी लागली. बोळ तोच, खांब तोच. आजोबांनी हात पुढे केला आणि विचारलं, "आज परत यायची नाहीस ना?"

"नाही, आजोबा," वहिनी म्हणाली.

गाडीत येऊन तिने चावी फिरवली आणि लगेच बंद केली. नऊ वाजत आले होते.

"ताई, आमच्या कामात नियम आहे. दोनदा सुई चुकली की तिसऱ्यांदा आपण टोचायचं नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची."

"तू एकदाच चुकलीस."

"लायसनच्या परीक्षेत पण मी रिव्हर्सलाच चुकले होते. पुन्हा द्यावी लागली. दोनदा झालं."

मी तीन आठवडे हिला घाबरट म्हणत होते, आणि ही बाई नियम पाळत बसली होती. "मग दे दुसऱ्याच्या हातात," मी म्हटलं. "माझ्या हातात देतेस?"

ती हसली नाही. खाली उतरली. खांबापाशी गेली, त्याच्यावर तळवा टेकला, मग भिंतीला हात लावत, पावलं मोजत गाडीपर्यंत आली. पुन्हा एकदा गेली, पुन्हा आली. मी घड्याळाकडे बघत होते.

गाडी मागे सरकायला लागली. आरशात खांब मोठा होत गेला. माझा हात कधी हँडब्रेकवर गेला, मला कळलंच नाही.

"हात काढा, ताई." या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी हात काढला.

तेवढ्यात मागून एक मोटरसायकल बोळात घुसली आणि हॉर्न वाजवत उभी राहिली. वहिनीने ब्रेक दाबला, काच खाली केली. "मागे घ्या जरा. मी नवीन आहे, मला वेळ लागेल." तो कुरकुरत मागे झाला. खांब माझ्या काचेपासून वीतभर अंतरावरून गेला. माझ्या जिवात जीव आला तो थेट मोठ्या रस्त्यावर.

नऊ वाजून वीस मिनिटांनी पेटी लॅबच्या टेबलावर होती. डॉक्टरांनी नळ्या बघितल्या, अकराच्या अकरा धड. "सोमवारीही याच वेळेला आणा," म्हणाले.

गाडीत बसून वहिनी ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, राग मानू नका. सोमवारी मी एकटीच जाईन. तुम्ही शेजारी श्वास रोखून बसता, मग मलाही श्वास घेता येत नाही."

राग यायचा तो आलाच. इतकं केलं, त्याचं हे फळ? "मग आत्तापासूनच जा एकटी," म्हणत मी उतरले आणि दार आपटलं. वाटलं, थांबेल, मनधरणी करेल. तिने सिग्नल दिला, मागे वळून रस्ता बघितला आणि गेली. एकटी, न अडखळता! माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मी बस स्टॉपवर उभी राहून, लोक बघत असताना, आनंदाने रडले.